मार्च-एप्रिलमध्ये झाडं कुठून घ्यावीत: न्यू जर्सीतलं गार्डन सेंटर, ऑनलाइन 'काड्या' आणि लावून देणारा क्रू

आधी निकाल सांगते, मग ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढचं वाचा. सेंट्रल जर्सीत घर घेतलंय, मागे-पुढे नुसतं लॉन आहे आणि स्प्रिंगमध्ये झाडं लावायचीयेत, तर पानगळीची झाडं आणि झुडपं ऑनलाइन नर्सरीतून बेअर रूट (कुंडी-माती नसलेली, उघड्या मुळांची) मागवा (साडेचार स्टार). सदाहरित झाडं आणि ज्याला पहिल्या दिवसापासून उंची पाहिजे ते लोकल गार्डन सेंटरमध्ये जाऊन स्वतः हात लावून बघून घ्या (चार स्टार, शनिवारी दुपारी गेलात तर तीन). आणि "आम्ही घरी येऊन लावून देतो" ही सर्व्हिस घेऊ नका, घेतलीच तर खुर्ची टाकून समोर बसा (दीड स्टार, तोही पोरं बिचारी नम्र होती म्हणून). दुकानांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये कारण क्रूची भानगड एका दुकानाची नाही, आमच्या ओळखीच्या मराठी घरांत वेगवेगळ्या दुकानांकडून हेच झालंय. जी प्रॉडक्ट्स चांगली निघाली त्यांची नावं मात्र खाली दिलीयेत.

आता मार्चमध्येच का, हा प्रश्न आपल्याकडून आलेल्या प्रत्येकाला पडतो. आपलं गणित मृगाचं, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दोन पाऊस नीट झाले की खड्डे भरायचे आणि रोपं लावायची, वनमहोत्सवसुद्धा जुलैत. मी ही झाडं लावली तेव्हा सासूबाई इथेच होत्या, बाहेर अजून जॅकेट घालून फिरायचे दिवस, झाडांना एक पान नाही आणि सूनबाई कुदळ घेऊन लॉन खणतायत, त्यांना काही केल्या पटेना. पण गणित तेच आहे हो, फक्त उलट्या बाजूने. तिकडे झाडाला उन्हाळा मारतो म्हणून पावसाच्या तोंडावर लावायचं. इथे हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं, पानं नाहीत म्हणजे पाण्याची मागणी नाही, त्या झोपेत त्याला उपटलं काय आणि हलवलं काय, फार कळत नाही. मार्चअखेर जमीन मोकळी झाली की पानं फुटायच्या आधीच मुळं कामाला लागतात, एप्रिलमध्ये पाऊस असतो, ऊन कोवळं असतं, आणि जुलैचा खरा उकाडा येईपर्यंत मुळांना तीनेक महिने मिळतात. तेच झाड जूनमध्ये लावलंत तर वर भरगच्च पानं पाणी मागतायत आणि खाली मुळं अजून कुंडीच्या आकारातून बाहेर पडलेली नाहीत, मग रोज पाईप धरून उभे राहा.

इथले लोक फॉरसिथियाची पिवळी फुलं दिसली की बागेची कामं काढतात. मी गुढीपाडवा लक्षात ठेवते, तो साधारण ह्याच दिवसांत येतो (२०२६ चा १९ मार्चला). पण तारखेपेक्षा माती बघा. आमच्याकडे ती लाल चिकट माती आहे, एडिसन-पिस्काटावे पट्ट्यात बहुतेकांकडे असते, खाली लाल शेल दगड. मूठभर माती दाबली आणि तिचा चकचकीत गोळा होऊन पाणी सुटलं तर अजून आठवडाभर थांबायचं, ओल्या चिकणमातीत खणलं की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून बाहेर जायला कुरकुरतात. फॉलमध्येही लावता येतं, सप्टेंबर ते नोव्हेंबर, काही लोक तर तेच बरं म्हणतात, पण ओक, बर्च, मॅग्नोलिया, रेडबड ही मंडळी फॉलमध्ये जमिनीतून उपटलेली आवडून घेत नाहीत, त्यांना स्प्रिंगच बरा.

तर ऑनलाइन बेअर रूट. ज्यांनी कधी घेतलं नाही त्यांच्यासाठी: कुंडी नाही, माती नाही, पानं नाहीत. नर्सरीवाले झोपलेलं झाड जमिनीतून काढतात, मुळं धुतात, थंड गोदामात ठेवतात आणि तुमच्या भागातली जमीन मोकळी व्हायच्या सुमाराला लांबट खोक्यातून पाठवतात. वजन कमी म्हणून शिपिंग कमी आणि कुंडीचा, मातीचा, ट्रकचा खर्च नाही म्हणून किंमत कमी. मी जानेवारीतच ऑर्डर दिली होती: रेडबड, सर्व्हिसबेरी, विंटरबेरीची झुडपं आणि ब्ल्यूबेरी. तीन-चार फुटी रेडबड पस्तीस डॉलरच्या आसपास पडलं, गार्डन सेंटरमध्ये त्याच्या दीडपट उंचीचं कुंडीतलं झाड एकशे साठला होतं. दीड-दोन फूट जास्त उंचीचे सव्वाशे डॉलर. आणि लहान वयात लावलेलं झाड लवकर रुजतं, मोठं झाड पहिली दोन-तीन वर्षं नुसतं स्वतःला सावरत बसतं, तोवर धाकटं त्याला गाठतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण शेजारच्यांनी त्याच सुमाराला मोठं झाड क्रेन आणून लावलं आणि आता कुंपणाच्या दोन्ही बाजूंना बघितलं की कळतं.

खोकं उघडलं तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या. आत प्लास्टिकमध्ये ओल्या कागदाच्या कात्रणांत गुंडाळलेली मुळं आणि वर नुसत्या काड्या. "अगं, एवढे डॉलर देऊन काड्या आणल्यास?" मी त्यांना काय सांगणार, माझाच चेहरा पडला होता. सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते तासगावचे, आयुष्यभर द्राक्षबाग केलेली, त्यांनी कॅमेरा जवळ न्यायला लावला आणि विचारलं, "डोळे जिवंत आहेत ना? मुळी ओली आहे ना? मग झालं की. आमच्या डॉगरिजच्या काड्यांना तरी काय पानं असतात होय लावताना?" ते खरंच आहे, डॉगरिज म्हणजे ज्याच्यावर द्राक्षाचं कलम करतात तो खुंट, तिकडे ही खुंटरोपं उन्हाळ्याच्या तोंडाला लावतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावर कलम भरतात, आणि डॉगरिज तर मूळचं टेक्सासचं. म्हणजे अमेरिकन मुळावर महाराष्ट्राची द्राक्षं उभी आहेत आणि त्यांच्या सुनेला अमेरिकेत काडी लावायची भीती वाटतेय. सासूबाई त्यानंतर गप्प बसल्या, म्हणजे त्यांच्या मानाने गप्प.

नर्सरीला अर्धा स्टार कमी दिलाय तो दोन गोष्टींसाठी. एक, खोकं आलं आणि त्याच आठवड्यात पुन्हा बर्फ पडला, पाठवायच्या आधी ईमेल करून "चालेल का" विचारायला काय झालं होतं. अशा वेळी घाबरू नका, गॅरेजमध्ये थंड जागी मुळं ओली ठेवून आठवडाभर सहज राहतात, त्याहून जास्त लागलं तर बाहेर सावलीत ओल्या मल्चमध्ये (लाकडाच्या सालीचा चुरा, आच्छादनाचा) किंवा मातीत आडवी तात्पुरती पुरून ठेवायची. फक्त मुळं उघडी, वाऱ्यावर, उन्हात अजिबात नको, बेअर रूटमध्ये झाड मरतं ते बहुतेक ह्याच्यामुळे. दुसरं, विंटरबेरीत मी मागितलेली जात संपली म्हणून न विचारता दुसरी पाठवली. आता विंटरबेरीला लाल फळं पाहिजेत तर मादी झुडपांबरोबर एक नर लागतो आणि तोही त्याच वेळी फुलणारा, जात बदलली की ती जोडी चुकू शकते. फोन केला, बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, जोडीचा नर फुकट पाठवला आणि तोही चार दिवसांत आला, म्हणून रागही गेला.

लावायच्या आधी मुळं बादलीत पाण्यात ठेवायची, काही तास पुरे, रात्रभर चालेल, चोवीस तासांच्या पुढे नको. खड्डा रुंद, खोल नाही. हे दहा वेळा लिहिलं तरी कमी आहे. आपल्याकडे दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा घ्या, शेणखत-पालापाचोळा भरा असं शिकवतात आणि मुरमाड जमिनीत ते बरोबरही असेल, पण इथल्या चिकणमातीत खड्ड्यात कंपोस्ट-पीट घालून मऊ गादी केलीत की पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि मुळं बाहेरच्या कडक मातीत जायचं नावच काढत नाहीत. जी माती काढली तीच परत घालायची. खोड जिथे पसरून मुळं सुरू होतात तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. मग आळं करायचं, बादलीभर पाणी, वरून दोन-तीन इंच मल्च आणि खोडाला मल्च टेकता कामा नये. खत पहिल्या वर्षी नको. झालं.

सर्व्हिसबेरीने एप्रिलमध्येच पांढरी फुलं दाखवली, पानांच्या आधी, चार-पाच झुपके पण तेवढ्याने घरात आनंदीआनंद. जूनमध्ये तिची फळं येतात, गोड असतात, पण रॉबिन पक्षी तुमच्या आधी उठतात. रेडबडने मात्र जीव काढला. मेच्या मध्यापर्यंत काडीच. नखाने साल जरा खरवडून बघायचं, आत हिरवं असेल तर जिवंत आहे, ते मी इतक्यांदा केलं की नवरा म्हणाला, "हे झाड मरणार ते तुझ्या नखांनी." शेवटी बारीक हृदयाच्या आकाराची पानं आली. ज्यांनी मोठं रेडबड फुललेलं पाहिलं नसेल त्यांनी एप्रिलअखेर कुठल्याही पार्कात बघा, गुलाबी-जांभळी फुलं फणसासारखी थेट जुन्या फांद्यांना आणि खोडालाच लागतात.

ब्ल्यूबेरीवर वेगळा परिच्छेद पाहिजेच, आपण न्यू जर्सीत राहतो. आज जगभर शेतात लावतात त्या मोठ्या ब्ल्यूबेरीची सुरुवात इथलीच, दक्षिणेला पाइन बॅरन्समध्ये व्हाइट्सबॉगला. एलिझाबेथ व्हाइट नावाच्या क्रॅनबेरी मळेवाल्याच्या मुलीने आणि फ्रेडरिक कोव्हिल ह्या सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञाने मिळून जंगलातली चांगली झुडपं हुडकली, जंगलात फिरणाऱ्या लोकांना मोठ्या फळांच्या झुडपांसाठी पैसे दिले, आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्ल्यूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. ते गाव अजून आहे, जाऊन येण्यासारखं आहे. पण तिकडची जमीन वाळूची आणि आंबट, आपली लाल चिकण. ब्ल्यूबेरीला पीएच (मातीचा आंबटपणा मोजायचा आकडा, कमी म्हणजे जास्त आंबट) साडेचार ते पाचच्या आसपास लागतो, त्याच्या वर गेला की पानं पिवळी पडतात आणि झुडूप रुसून बसतं. म्हणून आधी रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये माती तपासून घ्या. मातीचा नमुना पाठवायचा, फी फार नाही, रिपोर्टमध्ये पीएच आणि काय किती घालायचं ते लिहून येतं, पूर्ण पाच स्टार. आमचा पीएच सहाच्या वर निघाला. गंधक घालून तो खाली येतो पण गंधकाचं काम मातीतले जिवाणू करतात आणि त्यांना ऊब लागते, म्हणजे आज घातलं आणि उद्या लावलं असं होत नाही, काही महिने जातात. आम्ही आदल्या फॉलमध्येच घालून ठेवलं होतं. आणि वर म्हटलं की खड्ड्यात काही मिसळू नका, त्याला ब्ल्यूबेरी अपवाद, तिला पीट मॉस मिसळून थोडी उंच गादी करून लावायची. दोन वेगळ्या जाती जवळजवळ लावा, फळ मोठं आणि जास्त येतं, मी ड्यूक आणि ब्ल्यूक्रॉप घेतल्या. फुलं आली तर पहिल्या वर्षी खुडून टाकायची, मुलांचा विरोध असला तरी. खत म्हणून एस्पोमाचं हॉली-टोन, तेही थोडंच आणि झुडूप रुजल्यावर. ही कंपनी न्यू जर्सीतल्याच मिलव्हिलची, १९२९ पासूनची, आंबट माती आवडणाऱ्या झाडांसाठी हे सेंद्रिय खत बनवते, वास येतो पण आपण शेणखताच्या वासात वाढलेली माणसं. साडेचार स्टार. कुत्रा असेल तर मातीत नीट कालवा, नाहीतर रात्री तो सगळं उकरून ठेवतो.

गार्डन सेंटर. आमच्या भागातलं जुनं, एकाच घराण्याचं, तीन पिढ्या चालवतायत असं बोर्डावर लिहिलंय. मार्चमध्ये गेलं तर अर्धं रिकामं असतं, पुढे पॅन्सीची रांग आणि मागे ट्रकमधून माल उतरतोय. हीच जायची वेळ, विशेषतः आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, कारण तिथे एक म्हातारे गृहस्थ काम करतात आणि तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. त्यांनी मला काय पाहिजे हे विचारलंच नाही. विचारलं, ऊन कुठून येतं, पाऊस पडल्यावर पाणी कुठे साचतं, हरणं येतात का. मग मी निवडलेल्या झाडांपैकी एकावर मान हलवून म्हणाले, हे नको, वरून केबल जाते म्हणालीस ना. एवढा प्रामाणिक सेल्समन मी आयटीत सतरा वर्षांत पाहिला नाही. मे महिन्यातल्या शनिवारी तेच दुकान म्हणजे गणपतीच्या आदल्या दिवशीची मंडई, गाडी लावायला जागा नाही, कॅशवर कॉलेजची मुलं आणि त्यांना हायड्रेंजिया आणि व्हायबर्नम यातला फरक विचारू नका.

तिथे काय बघून घ्यायचं. कुंडीतलं झाड असेल तर सरळ कुंडीतून उचलून बघा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मुळं कुंडीच्या भिंतीला गोल गोल गुंडाळलेली असतील तर एकतर दुसरं घ्या नाहीतर लावताना चाकूने उभे काप देऊन ती मोकळी करा, नाहीतर जमिनीत गेल्यावरही ती तशीच गोल फिरत राहतात आणि काही वर्षांनी स्वतःच्याच खोडाला आवळतात. मोठी झाडं मातीच्या हुंडीसकट (म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट) येतात, गोणपाटात बांधलेली आणि वर तारेची जाळी. हुंडी फुटलेली किंवा खोड हलवलं की हुंडीत सैल वाटत असेल तर सोडून द्या, सेलमध्ये असलं तरी. आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच एखादं झाड पूर्ण पानाफुलांनी भरलेलं दिसलं तर भुलू नका, ते बहुतेक दक्षिणेकडच्या उबदार राज्यातून किंवा ग्रीनहाऊसमधून आलंय. इथे एप्रिलअखेरपर्यंत फ्रॉस्ट (गोठलेलं दव) पडू शकतो आणि मग ती कोवळी पानं एका रात्रीत काळी. काडीला फ्रॉस्टचं काही वाटत नाही, हा काडीचा अजून एक फायदा.

आता कुंपणाला हिरवी भिंत, जी आपल्या सगळ्या देसी घरांना पहिल्याच वर्षी पाहिजे असते कारण शेजारी डेकवर बसले की थेट आपल्या किचनमध्ये दिसतं. सगळे आर्बरव्हिटी (आपल्या मोरपंखीसारखं सदाहरित झाड) घेतात. त्यातलं इमराल्ड ग्रीन हे बारीक, देखणं, आणि हरणांचा आवडता हिवाळी नाश्ता. रटगर्सची हरणांबद्दलची एक यादी आहे, कुठलं झाड हरणं किती खातात त्याचे चार गट केलेत, ए म्हणजे क्वचित, डी म्हणजे फस्त, आणि साधं आर्बरव्हिटी डीमध्ये आहे. दुकानात जायच्या आधी ती यादी फोनवर उघडून ठेवा. आमच्याकडे हरणं कळपाने येतात म्हणून मी आर्बरव्हिटीतलंच ग्रीन जायंट घेतलं, ते हरणं त्या मानाने कमी खातात, वाढतं झपाट्याने, पण नावात जायंट आहे ते उगाच नाही, चाळीस-पन्नास फुटांचं होतं. तीन-तीन फुटांवर ओळीने लावलेली बघते ना मी लोकांकडे, मला त्या घराच्या पुढच्या मालकाची काळजी वाटते. टॅगवर पूर्ण वाढ झाल्यावरची रुंदी लिहिलेली असते, तेवढं तरी वाचा.

कॅलरी पेअर म्हणजे तो ब्रॅडफर्ड पेअर, पांढऱ्या फुलांचा, मासळीसारख्या वासाचा, आता आमच्या गार्डन सेंटरने ठेवायचंच बंद केलंय. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे कारण ते रानात पसरतं आणि दुसरं काही वाढू देत नाही, शिवाय वादळात मधोमध फाटतं. कोणी स्वस्तात देतंय म्हणून घेऊ नका.

क्रूबद्दल आता. ग्रीन जायंट जड होती, नवऱ्याची पाठ नाजूक, म्हणून गार्डन सेंटरमार्फत लावून देणारे बोलावले, चार्ज झाडांच्या किमतीच्या जवळजवळ तेवढाच. सकाळी आले, चटचट खणलं, दुपारी गेले, बाहेरून सगळं फोटोसारखं. मी ऑफिसातून आल्यावर पाहिलं तर प्रत्येक खोडाभोवती मल्चचा डोंगर, फूटभर उंच. हाताने बाजूला केला तर खाली खोड चार इंच मातीत पुरलेलं, आणि हुंडीवरची सुतळी खोडाला तशीच करकचून बांधलेली, गोणपाट-तार काहीही कापलेलं नाही. खोडाची साल अशी सतत ओल्यात राहिली की कुजते, सुतळी नायलॉनची असेल तर कुजत नाही आणि खोड जाड झालं की गळफास. झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी मरतं, तेव्हा गॅरंटी संपलेली असते आणि आपण म्हणतो हवा मानवली नाही. दुकानात फोटो घेऊन गेले, मॅनेजरने आधी "हे असंच लावतात" सुरू केलं, मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावलं, त्यांनी फोटो बघितला आणि काही न बोलता मॅनेजरकडे बघितलं. दुसऱ्या आठवड्यात क्रू परत आला, झाडं वर उचलून नीट लावली, तार-गोणपाट वरच्या भागातून कापून काढलं. पण कुठलं सॉरी नाही, पैशात काही सूट नाही, आणि दोनदा उचकटलेल्या झाडांपैकी एक अजूनही एका बाजूने तपकिरी आहे.

शिवाय त्यांच्या लोकांनी ८११ ला (जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनी कुठे आहेत ते दाखवून देणारा नंबर) फोन केला होता का, तर मी विचारल्यावर एकमेकांकडे बघायला लागले. ही गोष्ट कृपया कोणी टाळू नका. खणायच्या आधी कमीत कमी तीन पूर्ण वर्किंग डेज ८११ ला कळवायचं, न्यू जर्सीत हा कायदा आहे, पूर्ण फुकट आहे, माणसं येऊन जमिनीवर रंगाने खुणा आणि छोटी निशाणं लावून जातात: पिवळं गॅस, लाल वीज, निळं पाणी, केशरी फोन-इंटरनेट, हिरवं गटार. स्वतः कुदळ मारणार असाल तरी कळवायचं. आमच्या पिवळ्या खुणा मी जिथे रेडबड लावणार होते त्याच्या बरोब्बर मधून गेल्या होत्या. टाऊनहोम असेल तर असोसिएशनची परवानगी वेगळी, तीही लेखी घ्या.

पाण्यासाठी ट्रीगेटर बॅग घेतली, ती खोडाभोवती चेन लावून बसवायची हिरवी पिशवी. वीस गॅलन पाणी मावतं, म्हणजे पंचाहत्तर लिटर, आणि तळाच्या बारीक भोकांतून ते पाच ते नऊ तासांत हळूहळू मुरतं. चिकणमातीत हा प्रकार फारच उपयोगी, कारण पाईपने एकदम सोडलेलं पाणी वरून वाहून शेजाऱ्याच्या लॉनला जातं. आठवड्याला एकदा भरायची, उकाड्यात दोनदा, सुट्टीवर जाताना भरून जायची, मोठ्या झाडांना चार स्टार. ग्रीन जायंटला खालपासून फांद्या असल्याने ती बसत नाही, तिथे आडवा पाईप. आणि तीन फुटी काडीला ही बॅग म्हणजे विनोद आहे, काडीच दिसत नाही, तिथे जुन्या पेंटच्या स्वच्छ बादलीला तळाशी दोन बारीक भोकं पाडून ठेवली, काम तेच, खर्च शून्य. थंडी पडायच्या आधी बॅग काढून आत ठेवा, नाहीतर उंदीर तिथे संसार थाटतात आणि साल कुरतडतात. उंदीर नाही तर ससे, ससे नाही तर फॉलमध्ये शिंगं घासणारे नर हरीण, म्हणून प्रत्येक काडीभोवती तारेच्या जाळीचं पाच फुटी कडं पाहिजेच. बजेट करताना हा खर्च धरा, काडी पस्तीसची आणि तिचा पिंजरा वीसचा असा हिशोब होतो.

काही जणी विचारतील म्हणून: कढीपत्ता, मोगरा, शेवगा ह्यातलं काहीही जमिनीत लावू नका, हिवाळ्यात थंडी किती पडते त्यावरून इथे झोन ठरवलेत, त्यात आपण झोन ७ मध्ये आहोत, पहिल्याच हिवाळ्यात संपेल. ते कुंडीतच, मे अर्धा झाला की बाहेर, आणि रात्री गारठायला लागल्या की परत आत.

गॅरंटी बहुतेक गार्डन सेंटरमध्ये झाडांवर वर्षभराची असते, पण घेताना अटी विचारा, आमच्याकडे मेलेलं झाड मुळांसकट आणि पावतीसकट घेऊन जावं लागतं आणि पैसे परत नाहीत, स्टोअर क्रेडिट मिळतं. ऑनलाइनवाल्यांना नुसता फोटो चालला. पावतीचा कागद सहा महिन्यांत कोरा होतो, त्यामुळे घरी आल्या आल्या तिचा फोटो काढून ठेवा. आणि बेअर रूटची ऑर्डर जानेवारीतच टाका, चांगल्या जाती, खासकरून रेडबड आणि विंटरबेरीचे नर, फेब्रुवारीच्या शेवटी सोल्ड आऊट दिसतात.